पोटातली दलाली

अन्न पचवायलाही शरीराला खर्च येतो, हे कानावर पडलं त्याच दिवशी आमच्या मेहुण्यांनी सकाळचं फिरणं सोडलं. "बसल्या जागी कॅलरी जळत असतील, तर चपला झिजवायच्या कशाला?"

माहिती खोटी नाही. १७९०च्या सुमारास पॅरिसमध्ये लावाझिएनं सेग्वां नावाच्या सहकाऱ्याच्या तोंडावर मुखवटा चढवून त्याचा श्वास मोजला. जेवलेला माणूस उपाशी माणसापेक्षा जास्त ऑक्सिजन ओढतो, हे तेव्हाच दिसलं. म्हणजे जेवून आडवं होणं हेही एक काम आहे. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या पुणेकराला हे मुखवट्याशिवायच ठाऊक होतं.

शरीर प्रत्येक घासामागे दलाली कापतं, पण दर सगळ्यांना सारखा नाही. प्रथिनांवर घसघशीत २० ते ३० टक्के, भात-पोळी-साखरेवर ५ ते १०, आणि तेलातुपावर फार तर ३. प्रथिनं मोडा, पुन्हा नवी रचा, उरलेल्या नायट्रोजनचा युरिया करून बाहेर काढा, अशी सगळी यातायात असते. तुपाला तसलं काही नाही. ते आल्या पावली कमरेवर मुक्कामाला जातं.

आता या दरपत्रकासमोर आपली एकादशी ठेवून बघा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ३५० च्या आसपास कॅलरी, प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. वर तूप. दाण्याच्या कुटात प्रथिनं असतात खरी, पण निम्मं तेलच. एरवी मटकीच्या उसळीपायी राबणारं पोट ऐन उपासाच्या दिवशी रजेवर जातं. हे मी आत्याला समजावून सांगितलं. "अरे, उपास देवासाठी असतो, वजनासाठी नाही," असं म्हणून तिनं मला आणखी खिचडी वाढली. शास्त्राकडे याला उत्तर नाही. निदान तोंडात घास असताना तरी सुचत नाही.

मेहुण्यांनी मात्र दलाली वाढवायचा चंगच बांधला. मोड आलेले मूग, अंडी, पनीर यांचा घरात सुकाळ झाला. मी हिशेब मांडून दिला: १०० कॅलरींचा भात काढून तेवढ्याच कॅलरींची प्रथिनं खाल्ली, तर जादा खर्च होणार साधारण १५ ते २० कॅलरी. चहात बुडवलेलं एक मारी बिस्किट ही सगळी कमाई गिळून टाकतं. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याची एकूण दलालीच २०० च्या घरात, त्यात ओढाताण करून करून किती करणार? प्रथिनांचा खरा उपकार वेगळाच आहे. पोट बराच वेळ भरल्यासारखं राहतं, मग माणूस कमी खातो. पण मेहुण्यांनी पोटाचा सल्ला घेऊन ताट बाजूला सारल्याचं कुणाच्या पाहण्यात नाही.

घरात दीक्षितवाले आणि दिवेकरवाले असे दोन पक्षही आहेत. दोनदाच जेवा म्हणणाऱ्यांचं दर दोन तासांनी खा म्हणणाऱ्यांशी पटत नाही, आणि वादात दोघेही शेव-चिवडा खातात. दलालीपुरतं बोलायचं तर ती एकूण उलाढालीवर कापली जाते, फेऱ्यांवर नाही. काकडी पचवायला काकडीपेक्षा जास्त कॅलरी लागतात, हेही असंच उडत आलेलं. १०० ग्रॅम काकडीत १५ कॅलरी. पचवायला त्यातली एखाद-दुसरी गेली तर गेली.

तांबडा रस्सा ओरपून घाम पुसताना मेहुणे "चरबी वितळतेय" म्हणतात, तेव्हा आम्ही गप्प बसतो. वितळलेली चरबी बहुधा रश्श्यावरच्या तर्रीत असते.

सध्या त्यांचा भर गार पाण्यावर आहे. फ्रिजमधलं अर्धा लिटर पाणी अंगाच्या तापमानाला आणायला फार तर १६-१७ कॅलरी लागतात, हे त्यांनी स्वतः काढलं. मग अधिक गार म्हणून बर्फ आला. नुसता बर्फ दाताला लागतो, म्हणून त्यात आता अमृतकोकम असतं. साखरेचं.