ती. पॅकेजदादांस, धाकट्या इन-हँडकडून

ती. पॅकेजदादा यांस,
इन-हँडचा शि. सा. न. वि. वि.

पत्र खुलं लिहितोय, कारण आपली गाठ म्हणून पडत नाही. तुम्ही ऑफर लेटरच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत दर्शन देता. मी महिनाअखेरीला बँकेच्या मेसेजमधून येतो आणि घरभाडं, हप्ते उरकून पाच तारखेपर्यंत निघूनही जातो. एकाच नोकरीच्या पोटची आपण दोन लेकरं, पण कौतुक सगळं तुमच्या वाट्याला. कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागतो तो तुमचा. बायोडेटात फोटोच्या खालोखाल मान तुमचा. 'मुलाला पॅकेज किती?' असं मुलीकडचे विचारतात. 'हातात किती येतात?' विचारणारा सासरा मला अजून भेटायचाय. (भेटला तर त्याची मुलगी सुखात आहे असं समजावं.)

तक्रार करायची म्हणून करत नाही, हिशेबच मांडतो. तुम्ही सहा लाखांचे आहात असं धरू. आकडा सोपा आहे आणि फ्लेक्सवर शोभतोही. पोरगं ऑफर लेटर हातात पडल्या पडल्या बाराने भागतं, 50,000 काढतं आणि त्याच संध्याकाळी वाकडला फ्लॅट बघून येतं. मग पहिली पेस्लिप येते आणि मी 36,800 रुपये घेऊन दारात उभा राहतो. पोराचा चेहरा पडतो. दादा, दोष माझा होता का?

मधले 13,200 कुठे गेले ते तुम्हाला ठाऊक आहे. ते तुमच्याच अंगाखाली आहेत. मूळ पगार निम्मा, म्हणजे 25,000. त्यावर कंपनीचा प्रॉव्हिडंट फंड 12 टक्के, 3,000 रुपये. तो कंपनी देते खरी, पण तुमच्यातूनच काढून देते. पोराच्या वाट्याचे 3,000 वेगळे. प्रोफेशनल टॅक्स 200, फेब्रुवारीत 300. विम्याचा हप्ता साधारण 800 धरा. ग्रॅच्युइटी 1,200. आणि 5,000 तुमच्या लाडक्या व्हेरिएबलचे.

फंडाबद्दल माझं फार म्हणणं नाही. ते पैसे आज ना उद्या पोराचेच. फक्त एवढं त्याच्या कानावर घाला, की कंपनीच्या वाट्यातले 1,250 रुपये पेन्शनच्या खात्यात जातात आणि त्या पेन्शनला दहा वर्षं नोकरी लागते. दर नोकरीला फंड काढून मोबाइल घेणाऱ्यांची दहा वर्षं कधीच भरत नाहीत. यूएएन नंबर एकच ठेवायचा, मागचा फंड पुढे वळवायचा. हे इंडक्शनमध्ये कुणी सांगत नाही. तिथे फुगे फुगवायचा खेळ असतो.

माझं खरं दुखणं ग्रॅच्युइटी आहे. शेवटचा मूळ पगार 26 ने भागायचा, 15 ने गुणायचा, मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. याचाच महिन्याचा वाटा म्हणजे मूळ पगाराचे 4.81 टक्के, आणि ते तुम्ही पहिल्या दिवसापासून अंगावर मिरवता. पण 1972 च्या कायद्यापासून कायम नोकरीवाल्याला ती मिळते सलग पाच वर्षं भरल्यावर. 2025 च्या नोव्हेंबरात नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात ठरावीक मुदतीच्या करारावरच्यांना ती एक वर्ष भरल्यावरच मिळू लागली. कायमवाल्याची पाच वर्षं तशीच राहिली. आता आमचं पोरगं दोन-अडीच वर्षांनी नोकरी बदलतं. कशासाठी? तर तुम्ही मोठे व्हावेत म्हणून! जुनी ग्रॅच्युइटी तिथेच राहते आणि नव्या ऑफर लेटरात तुम्ही पुन्हा तीच बिरुदं लावून उभे. न मिळालेले पैसे दोनदा मोजून घेणारा हिशेबनीस मी तुमच्याशिवाय दुसरा पाहिलेला नाही.

व्हेरिएबलबद्दल बोलायचं तर तोंड कडू होतं. ऑफर लेटरात त्याच्याआधी 'अप टू' असं बारीक लिहिलेलं असतं. रेटिंग चांगलं हवं, कंपनीचा नफा हवा, आणि वाटपाच्या दिवशी पोरानं राजीनामा दिलेला नसावा. रेटिंग बेल कर्व्हवर ठरतं. दहाजणांची टीम जिवाचं रान करो, कुणीतरी एक तळाला बसवावाच लागतो. बहुतेक वेळा तो बसतो, ज्यानं मॅनेजरला ईमेलवर लेखी प्रश्न विचारला. एप्रिलमध्ये साहेब खांद्यावर हात ठेवून 'मार्केट टाइट आहे' म्हणतात. मार्केट कधी सैल असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तासांचंही बोलू. नारायण मूर्तींनी 2023 च्या ऑक्टोबरात तरुणांना आठवड्याला 70 तास काम सांगितलं. 2025 च्या जानेवारीत एल अँड टीचे सुब्रमण्यन 90 वर पोचले. थोर माणसं आहेत, बोलतात. मी आपला भागाकार करून बघितला. 48 तासांच्या आठवड्यात मी तासाला 177 रुपये पडतो, 70 तासांत 121, आणि 90 तासांत 94. तुम्ही मात्र तिन्ही वेळा सहा लाखच! आपल्या राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा तासांना दुप्पट मजुरी लिहिली आहे, पण व्यवस्थापकीय पदांना त्यातून सूट आहे. काल कॉलेजातून आलेल्या पोरालाही व्हिजिटिंग कार्डावर 'असोसिएट मॅनेजर' का छापतात, हे मला अलीकडे कळायला लागलं आहे.

असो. तुम्हाला काही शिकवावं एवढा मी मोठा नाही, पण दोन विनंत्या. पुढच्या वेळी येताना जोडपत्र घेऊन या, म्हणजे फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती आणि मागच्या वर्षी ते खरोखर किती टक्के वाटलं हे पोराला सही करण्याआधी विचारता येईल. एचआर बाईंना हा प्रश्न आवडत नाही. तरी विचारावा, आणि उत्तर ईमेलवर मागावं. जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडल्यास परत घेतात का, आणि परत घेताना टॅक्स कापून की पूर्ण, हेही त्याच ईमेलात उरकावं.

दुसरी विनंती नव्वद दिवसांच्या नोटीस पीरियडबद्दल. नव्या कंपनीला माणूस तीस दिवसांत हवा असतो आणि जुनी साठ दिवसांचे पैसे मागते. ते कोण भरणार हे नव्या ऑफर लेटरात लिहून घेतलं नाही, तर भरायला शेवटी मलाच पुढे करतात. तुम्ही तेवढ्या वेळी गप्प असता. रिलिव्हिंग लेटर हातात पडेपर्यंत पोरानं मॅनेजरशी भांडू नये, एवढं मात्र तुमच्या वजनानं सांगा. माझं तो ऐकत नाही.

वडिलांना साष्टांग नमस्कार. म्हणजे कंपनीला.

आपला धाकटा,
इन-हँड

ता. क. घरमालकांनी अकरा महिन्यांचा करार संपताना दहा टक्के वाढ मागितली आहे. पोराच्या मामांनी त्यांना जिन्यात गाठून अभिमानानं तुमचा आकडा सांगितला होता. मामांना आवरा.