पुढची भेट चार वर्षांनी

पुण्यात जर्मन शिकायला कारण लागत नाही. न शिकणाऱ्यालाच लोक कारण विचारतात. कुणाचा मुलगा स्टुटगार्टला असतो, कुणाची मुलगी लग्न होऊन बसलेली असते आणि ए-वनची परीक्षा पास झाल्याशिवाय तिला नवऱ्याकडे जायचा व्हिसा मिळत नसतो, कुणाची कंपनी चाकणला आणि मालक बव्हेरियात असतो. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये नाहीतर मॅक्सम्युलर भवनात एकदा तरी नाव घातलेलं नाही असं घर आमच्या सोसायटीत शोधावं लागेल. पन्नाशी उलटल्यावर मीही वही आणि पेन्सिल घेऊन बसलो. वहीत डावीकडे जर्मन शब्द, उजवीकडे अर्थ. वरच्या मजल्यावरच्या मुलाने ती वही पाहिली आणि मिटून माझ्या हातात दिली. हा मुलगा मेकॅनिकलचा इंजिनिअर. एरवी ‘काका’ म्हणून पायांकडे बघत बोलतो, पण शिकवायला लागला की माझ्यावर ओरडतो.

“काका, तुम्हाला काय येत नाही ते वहीला कळत नाही,” तो म्हणाला, आणि त्याने माझ्या फोनवर अँकी टाकून दिलं. डेमियन एल्म्स नावाच्या माणसाने 2006 मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर. आयफोनवर पैसे पडतात, अँड्रॉइडवर फुकट. पुणेकराला फुकट वस्तूचा संशय येतो आणि विकतच्या वस्तूचा राग, तेव्हा काही दिवस मी ते उघडलंच नाही.

चालतं ते असं. पडद्यावर एक शब्द येतो. अर्थ मनात आठवायचा, टिचकी मारून कार्डाची मागची बाजू बघायची आणि खालच्या चार बटणांतलं एक दाबायचं: पुन्हा, अवघड, बरं, सोपं. कुठलं बटण दाबलं तर तो शब्द परत कधी उगवेल हे बटणाच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं. लवकर विसरेलसा शब्द लवकर येतो, मुरलेला शब्द उशिरा. विसरण्याच्या जरा आधी गाठायचं, एवढंच या विद्येचं तत्त्व.

हे गणित बसवलं पोलंडमधल्या पोझनान शहरातल्या एका विद्यार्थ्याने. पिओतर वोझ्न्याक त्याचं नाव. इंग्रजी शब्द पाठ करून करून तो कातावला होता. 1985 मध्ये त्याने आधी कागदावर हिशेब मांडले आणि 1987 मध्ये ॲमस्ट्रॅड संगणकावर सुपरमेमो नावाचा प्रोग्रॅम लिहिला. शब्द पहिल्यांदा आठवला की एका दिवसाने विचारायचा, मग सहा दिवसांनी आणि पुढे दर वेळी मधलं अंतर अडीचपट. म्हणजे पंधरा दिवस, सव्वा महिना, तीन महिने, पावणेआठ महिने, वर्ष आणि सात महिने, मग एकदम चार वर्षं. शब्द जड जातोय असं दिसलं तर अडीचाचा आकडा खाली येतो, पण 1.3 च्या खाली नाही. माझ्या आजोबांना पावकी, निमकीपासून अडीचकीपर्यंत सगळं पाठ होतं. अडीचकीचा उपयोग काय, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. तो पोझनानमध्ये लागला.

तरुणपणी हे गणित नुसतं गणित असेल. या वयात ते जरा अंगावर येतं. ‘फ्रीडहोफ’ म्हणजे दफनभूमी. हा शब्द का कोण जाणे मला पहिल्या दिवसापासून पक्का येतो, त्यामुळे मी ‘सोपं’ दाबत गेलो आणि अंतर वाढत गेलं. अखेर एका सकाळी चहाच्या कपासमोर यंत्राने कळवलं की फ्रीडहोफची पुढची भेट आता चार वर्षांनी. मी जरा विचार केला आणि ‘अवघड’ दाबलं. भेट लवकरची मिळाली. ही आनंदाची गोष्ट की दुःखाची, हे अजून ठरलेलं नाही.

या सगळ्याचा मूळपुरुष मात्र जर्मनच निघाला. हेर्मान एबिंगहाउस. स्मरणशक्ती मोजायची तर जुन्या ओळखीचे शब्द नकोत म्हणून या गृहस्थांनी सुमारे 2,300 निरर्थक अक्षरगट तयार केले, ठरावीक लयीत त्यांच्या याद्या पाठ केल्या, विसरले, पुन्हा पाठ केल्या. प्रयोग करणारे तेच आणि ज्याच्यावर करायचा तेही तेच. 1885 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. पाठ केलेलं दुसऱ्यांदा पाठ करताना किती मेहनत वाचते, हे त्यांचं माप. वीस मिनिटांनी वाचते 58 टक्के, एका दिवसाने 34 टक्क्यांच्या आसपास आणि 31 दिवसांनी 21 टक्के. म्हणजे गळती सगळी सुरुवातीला. उरतं ते मग बराच काळ टिकून राहतं. याच गृहस्थांनी बायरनची कडवीही पाठ केली होती आणि त्यांना निरर्थक अक्षरांच्या जवळजवळ एक दशांश कष्ट पडले. अर्थ असलेली गोष्ट डोक्यात लवकर शिरते, हे सिद्ध करायला माणसाने अर्थ नसलेल्या गोष्टी वर्षानुवर्षं घोकाव्यात, हे खास जर्मन काम.

एबिंगहाउसना भाद्रपदात पुण्यात आणलं असतं तर त्यांचे कष्ट वाचले असते. आरत्या आपण वर्षातून दहा दिवस, दिवसातून दोनदा म्हणतो आणि मग साडेअकरा महिने त्यांच्या वाटेला जात नाही. परिणाम पहिल्या संध्याकाळी कुठल्याही घरात ऐकावा. पहिल्या कडव्याला छत हलतं. दुसऱ्याला आवाज निम्म्यावर येतो. तिसऱ्याला फक्त टाळ्या आणि एक आजी उरतात. मंत्रपुष्पांजलीला तर सगळा पुरुषवर्ग ओठ हलवत पाटाखालच्या रांगोळीचं बारकाईने निरीक्षण करतो. दहाव्या दिवशी सगळं तोंडपाठ, आणि त्याच दिवशी विसर्जन. कार्डांच्या भाषेत सांगायचं तर थोड्या दिवसांत कोंबलेली उजळणी आणि मग वर्षाचं अंतर. इतकं चुकीचं वेळापत्रक मुद्दाम ठरवूनही करता आलं नसतं.

पण सॉफ्टवेअरचं खरं नवल गणितात नाही, बटणांत आहे. शब्द आठवला की नाही हे यंत्राला कळत नाही. ते आपणच सांगायचं. परीक्षा आपली, परीक्षक आपण, उत्तरपत्रिका समोर उघडी. मध्यमवर्गीय मराठी माणसावर एवढा विश्वास आजवर कुणी टाकलेला नाही आणि त्या विश्वासाचं काय होतं ते बघण्यासारखं आहे. ‘श्लुस्सेल’ येतो. किल्ली की कुलूप, मनात घोळ चाललेला असतो. मागची बाजू बघतो: किल्ली. “तेच म्हणणार होतो!” असं रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणून माणूस ‘बरं’ दाबतो. समोर कुणी नाही, गुण नाहीत, निकाल नाही, तरी कॉपी. आमच्या जर्मनच्या वर्गातले बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ सरसकट ‘सोपं’ दाबतात. त्यांची कार्डं चहा निवायच्या आत संपतात. “नव्या पिढीला एकाग्रताच नाही,” असं ते वर आम्हाला सांगतात. त्यांच्या हिशेबी त्यांचे बहुतेक शब्द पुढच्या दशकात भेटणार आहेत.

यंत्र त्या मानाने दिलदार आहे. 2023 पासून अँकीत जुन्या गणिताच्या जोडीला एक नवं गणित आलं. त्यात आपल्याला किती टक्के आठवायला हवं हे आपणच ठरवायचं असतं आणि कुणी काही ठरवलं नाही तर ते 90 टक्के धरून चालतं. म्हणजे दहांतला एक शब्द विसरायची लेखी परवानगी. आमच्या शाळेत दहांतला एक चुकला की त्या एकाबद्दल पालकांना बोलावत.

दिलदारी उजळणीच्या ढिगापाशी मात्र संपते. मुळात दिवसाला वीस नवे शब्द अशी यंत्राची सोय असते. वीस म्हणजे काय, लिमलेटच्या गोळ्या, असं वाटून आपण ते तसंच ठेवतो. पण आज घेतलेले वीस उद्या परत येतात, परवाचे वीस त्यांच्या मागे, आणि काही आठवड्यांत रोजची उजळणी दीडशे-दोनशेवर जाते. मग एखादं लग्न निघतं. हळद, सीमांतपूजन, परतीला ज्योतिबाचं दर्शन. घरी येऊन फोन उघडावा तर शेकड्यांनी कार्डं दारात बसलेली. गावाहून परतल्यावर घरी नळ, वर्तमानपत्रवाला, दूधवाला सगळे हिशेब मागतात, त्यात आता ‘कॅबिनेट’पासून ‘कांदा’पर्यंतच्या जर्मन शब्दांची भर. दुसऱ्या एका प्रसिद्ध ॲपमध्ये म्हणे हिरवं घुबड असतं आणि रोजची साखळी तुटली की ते तोंड पाडतं. अँकी तोंड पाडत नाही. ते नुसता आकडा दाखवतं. घुबड परवडलं.

लिंगांची तक्रार मी करणार नाही. मार्क ट्वेनने 1880 मध्ये जर्मन भाषेवर एक मोठा लेख लिहून मुलीला लिंग नाही आणि सलगमला आहे म्हणून टाहो फोडला. तो अमेरिकन होता, त्याला शोभलं. आपला मुळा पुल्लिंगी, काकडी स्त्रीलिंगी आणि वांगं नपुंसकलिंगी. आपण कुठल्या तोंडाने बोलायचं? आणि जर्मन मुलगी नपुंसकलिंगी म्हणून वर्ग हसला तेव्हा मालवणकडच्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, “आमच्याकडे चेडू नपुंसकलिंगीच.” गोव्याच्या कोंकणीतही तसंच. वर्ग गप्प.

माझं घोडं अडतं ते उपसर्गांपाशी. ‘त्सीएन’ म्हणजे ओढणे. त्याला पुढे ‘आन’ जोडलं की कपडे घालणे, ‘आउस’ जोडलं की काढणे, ‘एअर’ जोडलं की मुलं वाढवणे, आणि ‘उम’ जोडलं की कपडे बदलणे किंवा घर बदलणे, वाक्य कसं रचलंय त्याप्रमाणे. आमच्यातल्या एकाने ओळख करून देताना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं की आपण सांगलीहून आलो आणि पुण्यात कायमचे कपडे बदलले. असे शब्द कार्डावर सुटे घातले की एकमेकांचे पाय ओढतात. पाठ झालेला शब्द आठ वेळा विसरला की अँकी त्या कार्डाला ‘लीच’, म्हणजे जळू, असा शिक्का मारतं. तुमचं रक्त पितंय, सोडून द्या, असा सल्ला. वोझ्न्याकने कार्डं कशी बनवावीत याचे वीस नियम लिहून ठेवलेत आणि त्यातला पहिला असा की समजलं नाही ते पाठ करू नये. आमच्या पिढीची अख्खी एसएससी या एका नियमात बाद होते.

आता भाचेसुनेकडे येतो, कारण हा सगळा खटाटोप तिच्यासाठी होता. माझ्या भाच्याने कासेलच्या मुलीशी लग्न केलं. दिवाळीला दोघं येणार, तेव्हा मामाने चार वाक्यं बोलावीत म्हणून मी तयार गठ्ठा उतरवून घेतला होता: सर्वाधिक वापरले जाणारे जर्मन शब्द. वापरले जाणारे कुठे, हे कोण विचारतो? असल्या याद्या पुष्कळदा वर्तमानपत्रं चाळून केलेल्या असतात. त्यामुळे मला संसद, मंत्रिमंडळ, अर्थसंकल्प, पक्ष आणि विरोधी पक्ष हे सगळं जर्मनमध्ये उत्तम येऊ लागलं. टॉवेल येत नव्हता.

ती आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “मामा, प्रवास समाधानकारक झाला.” तीही मराठी शिकत होती. त्याच सॉफ्टवेअरवर. आणि तिचा गठ्ठाही कुणीतरी मराठी बातम्यांतून काढलेला. पाच मिनिटांत आमचं जमलं. मी जर्मनमध्ये आघाडी सरकारांबद्दल बोललो, ती मराठीत युतीबद्दल बोलली. जागावाटपावर आमचं एकमत झालं. तिच्याकडे अन् आपल्याकडे एका पक्षाचं सरकार येत नाही, हा संभाषणाला केवढा आधार ठरला! ताई, म्हणजे तिची सासू, दारात उभी राहून ऐकत होती. “आई, फराळाचा ठराव मंजूर आहे का?” असं तिने विचारलं तेव्हा ताईने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू तिला बिघडवायला मीच कासेलला गेलो होतो.

स्वयंपाकघरात मात्र सरकार पडलं. ताई अनारसे तळत होती. “झारा दे गं,” म्हणाली. सुनेने पळी दिली. “ही नाही.” तिने डाव दिला. “अगं झारा, झारा!” तिने मदतीच्या आशेने माझ्याकडे पाहिलं आणि मी जर्मनमध्ये अर्थमंत्री सोडून काही सांगू शकलो नाही. तोवर एक अनारसा करपला. पोरगी हुशार. तिने तिथल्या तिथे फोन काढला, झारा, पळी, डाव, उलथनं, सांडशी असे ओळीने फोटो काढले, प्रत्येकाचं कार्ड केलं आणि ओट्याला टेकून लगेच उजळणी घेतली.

“आई, झारा मला सोपा,” ती फोन मिटवत म्हणाली. “आता चार दिवसांनी येणार.”

“चार दिवसांनी?” ताई म्हणाली. “दुसरा घाणा पडलाय कढईत. दे इकडे.”