गुप्तवनस्पती-मीमांसा, अर्थात कपाटातला गांजा

मनुष्यप्राण्याने आजवर कपाटात काय काय लपवले, याचा साद्यंत इतिहास अजून कोणी लिहिलेला नाही. दागिने, जुनी पत्रे, मुलांच्या हाती लागू नये म्हणून चकल्यांचा डबा, पाहुण्यांना दिसू नये म्हणून धुवायचे कपडे. या सर्व वस्तूंत एक गुण समान आहे. त्या गप्प बसतात. दार लावले की वाढत नाहीत, तापत नाहीत, वीज मागत नाहीत. गेल्या चाळीसएक वर्षांत मात्र पाश्चात्त्य देशांतल्या काही उद्योगी मंडळींनी कपाटात, बंद पडलेल्या फ्रीजमध्ये, इतकेच काय पण कॉम्प्युटरच्या रिकाम्या खोक्यात अशी एक गोष्ट लपवायला घेतली की जी लपण्याच्या कामी जन्मतःच नालायक आहे. ती म्हणजे गांजाचे झाड. प्रस्तुत प्रबंधाचा विषय हा नालायकपणा होय. झाड लावावे कसे हा आमचा विषय नव्हे. ती जिज्ञासा असणाऱ्यांनी पान उलटावे.

आमचा सिद्धांत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या वाचकाची सोय होईल. एखादी गोष्ट आहे हे कळते कशावरून, या प्रश्नावर आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके डोकेफोड केली. चार्वाकाने प्रत्यक्ष हे एकच प्रमाण मानले, बौद्ध तार्किकांनी दोन, नैयायिकांनी चार, आणि भाट्ट मीमांसक व अद्वैती यांनी सहा: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द, अर्थापत्ती आणि अनुपलब्धी. उदाहरणांच्या बाबतीत मात्र ही मंडळी कंजूष. प्रत्येक प्रमाणाला वेगळे उदाहरण; कुठे घट, कुठे गाय, कुठे धूर निघणारा डोंगर. सहाही प्रमाणे ज्यावर एकदम लागू पडतील असे एकच प्रमेय त्यांना सुचले नाही. आमच्या मते ते प्रमेय कपाटात आहे.

आता हे झाड मुळात घरात शिरलेच कसे? पहिला मान एका अत्यंत प्रतिष्ठित गृहस्थाकडे जातो. वनस्पतींनाही लिंग असते हे सिद्ध करण्यासाठी कार्ल लिनियसने 1760 सालच्या आपल्या निबंधात एक घरगुती प्रयोग नोंदवला आहे. दोन कुंड्यांत त्याने एप्रिलमध्ये या झाडाचे बी पेरले. प्रत्येक कुंडीत तीस-चाळीस रोपे आली. कुंड्या त्याने घराच्या दोन दूरदूरच्या खोल्यांत, खिडकीच्या उजेडाला ठेवल्या. एका कुंडीत नर आणि मादी सुखाने एकत्र नांदले आणि जुलैत बी धरले. दुसरीतले नर त्याने ओळखू येताच उपटून टाकले. उरलेल्या माद्या बराच काळ फुलत राहिल्या आणि निपुत्रिक राहिल्या. या निबंधाला सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीचे पारितोषिक मिळाले. वाण अर्थातच युरोपीय, दोरखंडाचे, निरुपद्रवी. पण नराविना वाढवलेल्या मादीची जी युक्ती आज कपाटवाले आपली म्हणून मिरवतात, ती एका शास्त्रज्ञाने राहत्या घरी, पडदे उघडे ठेवून, बक्षिसासाठी केलेली होती.

अर्थात बंगालच्या राजशाही भागातल्या नौगावच्या शेतकऱ्यांना यात काहीच नवल वाटले नसते. तिथे परवान्याने गांजा पिके आणि नर झाडे हुडकून उपटण्यासाठी खास जाणकार माणूस शेतात फिरे; इंग्रजी कागदपत्रांत त्याला चक्क गांजाचा डॉक्टर म्हटले आहे. 1893-94 च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने याची सविस्तर चौकशी केली, 1,193 साक्षीदार तपासले आणि सात जाडजूड खंड छापले. मुंबई इलाख्यात या पिकाचे मुख्य ठिकाण अहमदनगर जिल्हा होते. म्हणजे ज्या काळी नगरच्या रानात हे झाड उघड्यावर, सरकारच्या देखत आणि सरकारला कर भरत उभे होते, त्या काळी त्याला कपाटाची गरज नव्हती. वनस्पतीचा भित्रेपणा हा वनस्पतीचा नसतो.

खरी पळापळ झाली कॅलिफोर्नियात. 1983 पासून तिथे दरवर्षी हेलिकॉप्टरे डोंगरांवरून फिरू लागली आणि रानातली झाडे उपटू लागली. कोणी परसात लावून भोवती कुंपण घातले, तर पोलीस विमानातून डोकावले. असाच एक खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. आरोपीने सहा फुटी कुंपणाच्या आत आणखी एक दहा फुटी कुंपण घातले होते. पोलिसांनी हजार फुटांवरून पाहिले. 1986 साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की त्या उंचीवरून जाणाऱ्या कोणालाही जे दिसले असते तेच पोलिसांना दिसले, सबब तक्रारीला जागा नाही. तात्पर्य, कुंपण जमिनीवरच्या डोळ्यांसाठी; आभाळातल्या डोळ्यांसाठी छप्परच हवे. झाड घरात आले ते असे, न्यायनिवाड्याने रेटलेले.

घरात आल्यावर कळले की पाहुणा विचित्र आहे. मोकळ्या रानात तो माणसाच्या दुप्पट उंच होतो. शिवाय त्याला फुलायला लांब, अखंड रात्र लागते. दिवसरात्रीच्या लांबीवर फुलणे ठरते हा शोध गार्नर आणि अॅलर्ड यांनी 1920 साली तंबाखू आणि सोयाबीनवरून जगापुढे मांडला. हे झाड त्याच लहान-दिवसवाल्या गोत्राचे. म्हणजे कपाटात नुसता सूर्य बसवून भागत नाही, सूर्यास्तही बसवावा लागतो, आणि मध्येच कोणी टॉवेल काढायला दार उघडले तर अपरात्री पहाट होते. ज्या घरात माणसांना धड झोप मिळत नाही, त्या घरात एका कुंडीच्या निद्रेसाठी सगळे चवड्यांवर चालू लागतात. असो. हे कौटुंबिक दुःख झाले. आपण प्रमाणांकडे वळू.

प्रत्यक्षाचे फार सांगायला नको. नाक हे ज्ञानेंद्रिय आहे आणि ते दाराशी थांबत नाही. या वासाचे श्रेय बरीच वर्षे टर्पीन नावाच्या द्रव्यांना दिले जाई. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवले की स्कंक या दुर्गंधीसम्राट प्राण्याची आठवण करून देणारा जो भाग आहे तो गंधकाच्या काही संयुगांमुळे येतो. त्यातले मुख्य संयुग उन्हात राहून बिघडलेल्या बिअरमध्येही सापडते. ते इतक्या अल्प प्रमाणात जाणवते की दाराला कपडा लावणारा माणूस केवळ स्वतःचे समाधान करून घेत असतो. कुत्र्याचे प्रत्यक्ष हा वेगळा अध्याय. फ्लोरिडात फ्रँकी नावाच्या लॅब्रॅडोरने एका घराच्या ओसरीवर बसून ग्वाही दिली. 2013 साली तेच सर्वोच्च न्यायालय त्याच पाच-चारच्या फरकाने म्हणाले की वॉरंटाशिवाय कुत्रा ओसरीवर नेणे हीच झडती झाली. आभाळातून पाहिले तर चालते, दाराशी हुंगले तर चालत नाही. इंद्रियांची ही उतरंड आपल्या एकाही दर्शनात नाही.

उपमानाचा मान हॉलंडकडे जातो, आणि इथे आम्हाला थोडे रेंगाळू द्यावे. नैयायिकांचे उदाहरण असे: गवय कसा असतो हे शहरी माणसाला ठाऊक नाही. त्याला सांगितले की तो गाईसारखा असतो. तो रानात गेला, गाईसारखे जनावर पाहिले आणि म्हणाला, हा तो गवय. शेकडो वर्षे हे उदाहरण घोकले गेले, पण प्रत्येक नागरिकाच्या घरी गाईचा नमुना पोचवण्याची कल्पना कोणाला सुचली नाही. डच अधिकाऱ्यांना ती 2010 साली सुचली. रॉटरडॅम आणि द हेग इथल्या 30,000 घरांत एक कार्ड वाटले गेले. नखाने खरवडा, हुंगा, आणि असाच वास शेजारून येत असेल तर कळवा. ब्रिटननेही 2013 साली हाच प्रयोग केला. ज्या देशात कॉफीशॉपच्या पुढच्या दाराने हा माल विकलेला चालत होता, पण मागच्या दाराने दुकानात आलेला चालत नव्हता, त्या देशात नागरिकांना हा वास ओळखायला शिकवावा लागला, याचे आम्हाला वाटले ते आश्चर्य वाचकावर सोपवतो. आणि ती खरवडलेली कार्डे ज्या निष्पाप घरांच्या टेबलांवर पडून राहिली, तिथून येणाऱ्या वासाचा निकाल कसा लावायचा, यावर उपमानवादी गप्प आहेत.

अनुमानाचा हेतू, म्हणजे खूण, ही उष्णता. दिव्याने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. ती कुठून तरी बाहेर पडणारच. जिथे ऊब तिथे शेती, ही व्याप्ती. पण हेतू सव्यभिचारी, म्हणजे दगा देणारा, असू शकतो हे न्यायशास्त्राने बजावून ठेवले आहे, आणि इंग्लंडमधल्या सँडवेल इथे मे 2021 मध्ये त्याचा पडताळा आला. एका गाळ्यात दिवसभर माणसांची ये-जा, वायरींचे जंजाळ, आणि ड्रोनला दिसलेली भरपूर ऊब. पोलिसांनी दार फोडले. आत एकही पान नव्हते. शंभरेक कॉम्प्युटर बिटकॉइन खणत बसले होते. तिथली वीज मात्र चोरीची निघाली, त्यामुळे पोलीस अगदीच रिकाम्या हाती परतले नाहीत. हेत्वाभासातून असा नफा न्यायशास्त्रकार गौतम मुनींनाही अभिप्रेत नसावा.

उष्णता डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला दिसते. मग यंत्राचे दिसणे हे प्रत्यक्ष की अनुमान? नैयायिक योग्यांच्या अलौकिक प्रत्यक्षाला मान्यता देतात, पण योग्याला वॉरंट लागते काय, हे सांगत नाहीत. जानेवारी 1992 मध्ये ओरेगनमधल्या फ्लॉरेन्स गावी पहाटे तीनच्या सुमारास एका अधिकाऱ्याने मोटारीत बसून समोरच्या घराकडे उष्णता टिपणारा कॅमेरा धरला. छप्पर आणि एक भिंत शेजारच्या घरांहून तापलेली दिसली. आत शंभरावर झाडे सापडली. या खटल्याला निकाली निघायला 2001 साल उजाडले, आणि सर्वोच्च न्यायालयात पुन्हा पाच विरुद्ध चार. न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिले की सामान्य लोक वापरत नाहीत अशा यंत्राने घरातले तपशील टिपणे ही झडतीच आहे. घरातली बाई रोज कितीला गरम पाण्याने न्हाते, तेही असल्या यंत्राला कळेल. दोषी ठरायला शंभर झाडे होती, पण न्यायालयाला चिंता पडली त्या काल्पनिक बाईच्या न्हाणीची. आम्हाला हा निकाल अतिशय आवडतो.

अनुपलब्धी हे सर्वांत उपेक्षित प्रमाण. जमिनीवर घट नाही हे कळते, कारण असता तर दिसला असता. नसण्यावरून ज्ञान होते हे नैयायिकांनी स्वतंत्र प्रमाण म्हणून मानले नाही. त्यांनी 2015 सालच्या हिवाळ्यात हार्लेमला जायला हवे होते. सगळ्या गल्लीतली छपरे बर्फाने पांढरी, आणि रांगेतले एकच छप्पर कोरडे, लालभडक. डच पोलिसांनी त्याचा फोटोच प्रसिद्ध केला आणि लोकांना म्हटले, असे काही दिसले तर सांगा. काही दिसत नाही, हेच दिसत होते.

आणि अर्थापत्ती. लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही, अर्थात तो रात्री जेवतो. घरात माणसे दोन, खिडक्या काळोख्या, आणि मीटर मात्र पिठाच्या गिरणीसारखे फिरते आहे, अर्थात आत कोणी तरी जेवते आहे. ओरेगनच्या त्या खटल्यातही विजेची बिले मागवली गेली होती. यावर उपाय म्हणून मीटरला वळसा घालून वीज घेणारे निघाले. पण मग देवदत्त लठ्ठ असून दिवसाही जेवत नाही आणि रात्रीही जेवत नाही असे होते, आणि कमी पडणाऱ्या विजेचा हिशेब वीज कंपनी लावतेच. हॉलंडात ही चोरी पकडणे हे वीज वाहून नेणाऱ्या कंपन्यांचे नित्यकर्म झाले आहे. असल्या चोरट्या वायरिंगने आग लागली की सहा प्रमाणांची गरजच उरत नाही.

शब्दप्रमाण उरले, ते थोडक्यात. शेजारी बोलतात. दुकानाच्या नोंदीही बोलतात: 1989 साली अमेरिकेत घरातल्या शेतीचे सामान विकणाऱ्या दुकानांवर एकाच वेळी छापे पडले आणि कोणाला काय पार्सल गेले याच्या याद्या तपासल्या गेल्या. ज्याने कोणालाच काही सांगितले नव्हते, त्याचेही पार्सल बोलले.

इथे पूर्वपक्षी म्हणेल की नवे एलईडी दिवे कमी तापतात, वासाला गाळणी असते. असते. पण गाळणीतून हवा ओढायला पंखा, पंख्याला आवाज. आवाज दाबायला पेटी, पेटीत ऊब. ऊब काढायला भोक, भोकातून वास. एक प्रमाण बुजवावे तर शेजारचे उघडते, असा आमचा सिद्धांत आहे आणि तो अबाधित आहे.

आपल्याकडच्या वाचकाने मात्र ही मीमांसा मीमांसेपुरतीच ठेवावी. 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा गांजाच्या व्याख्येतून सुटी पाने वगळतो, म्हणून भांग राज्यांच्या मर्जीने उरली. पण झाड लावण्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि कुंडी किती इंचांची होती याची चौकशी कायदा करत नाही.

जर्मनीने 1 एप्रिल 2024 पासून प्रौढ माणसाला घरी तीन झाडे लावायची मुभा दिली. आता लपवायचे कारण उरले नाही, असे वाटून तिथल्या मंडळींनी कपाटाचे दार उघडले असेल, तर त्यांनी कायदा पुढे वाचावा. झाडे मुलांच्या, किशोरांच्या आणि परक्यांच्या हाती लागणार नाहीत अशा बंदोबस्तात ठेवणे मालकाला बंधनकारक आहे.