हवा, पाणी, तेल

जावयानं विचारलं, "बाबा, एटीव्ही कुठली घ्यावी?"

मी म्हटलं, "भिंत केवढी आहे त्यावर आहे."

चूक माझ्या कानांची. मिनेसोटात उतरून दोनच दिवस झाले होते आणि विमानात बसलेले दडे अजून सुटायचे होते. निनादरावांनी मोबाइलवर चित्र दाखवलं तेव्हा उलगडा झाला. चार फुगीर चाकं, मोटारसायकलचं हँडल आणि घोड्यावर बसल्यासारखी बैठक. नागावच्या किनाऱ्यावर घोडागाडीच्या शेजारी उभी असते आणि पर्यटक जिच्यावर बसून किंचाळतात, तीच ही. "तुम्हीही किंचाळणार का?" असं जावयाला विचारता येत नाही. मी नुसतं "अस्सं" म्हटलं.

तिकडं मात्र ही कामाची गाडी आहे. लेकीचं घर गावाबाहेर, पाच एकरांत. रस्त्यापासून दारापर्यंत दोनशे फुटांची वाट आणि हिवाळ्यात तिच्यावर गुडघाभर बर्फ. पुढं लोखंडी फाळ लावून तो बर्फ सारायचा, मागं गाडा जोडून जळण आणायचं, गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जायचं, सगळं हिच्यावर. शेतकऱ्याच्या दारात बैल, तशी यांच्या दारात एटीव्ही. बैल घेताना चार जाणत्यांना विचारतात, म्हणून सासऱ्याला विचारलं. एसटीच्या कार्यशाळेत माझी एकतीस वर्षं गेली, पण निवृत्तीनंतर गाडीबद्दल कुणी सल्ला मागण्याची ही पहिलीच वेळ. मी खुर्चीत सावरून बसलो.

पण माझ्याआधीच दोन जाणते तिथं ठाण मांडून होते. एक डावीकडचे शेजारी, एक उजवीकडचे.

डावीकडचे आजोबा होंडावाले. त्यांची लाल गाडी १९८८ सालची आणि तिच्याबद्दल ते बोलतात ते घरच्या जुन्या गाईबद्दल बोलावं तसं. होंडाचं घराणं मोठं, हे मान्यच करावं लागतं. हे वाहन आधी तीनचाकी होतं आणि ते होंडानं १९७० साली अमेरिकेत आणलं. हिवाळ्यात मोटारसायकली खपेनात, तेव्हा तिथल्या विक्रेत्यांनी कंपनीकडं हट्ट धरला की बर्फातही विकता येईल असं काहीतरी द्या. कंपनीनं सात अश्वशक्तीचं इंजिन आणि तीन फुगे दिले. पुढच्याच वर्षी जेम्स बाँडही पडद्यावर त्यावर बसून उधळला. तीनचाकी वळणावर कलंडते, हे रिक्षातून फिरलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. अमेरिकेत मात्र सरकार आणि कंपन्या यांच्यात १९८८ साली रीतसर करार झाला आणि मगच नव्या तीनचाकींची विक्री थांबली. सुझुकीनं १९८२ मध्येच चौथं चाक लावून ठेवलं होतं, म्हणून धंदा वाचला.

उजवीकडचे गृहस्थ पोलारिसवाले. त्यांचा मुद्दा गाडीचा कमी आणि गावकीचा जास्त. पोलारिस मिनेसोटाचीच, उत्तर टोकाच्या रोझो नावाच्या गावात १९५४ साली सुरू झालेली. एडगर हेटीन, त्यांचा धाकटा भाऊ ॲलन आणि डेव्हिड जॉन्सन यांनी तिथं बर्फावर पळणारी गाडी बनवली. १९६० साली एडगर कंपनीतून बाहेर पडले आणि थीफ रिव्हर फॉल्स या गावी त्यांनी दुसरी चूल मांडली. तीच पुढं आर्क्टिक कॅट झाली. म्हणजे एका भावाची कंपनी या गावात आणि दुसऱ्याची त्या गावात, अन् धंदा एकच. हे ऐकल्यावर मला मिनेसोटा एकदम घरचं वाटायला लागलं. आपल्याकडं बांधावरून कोर्टात गेले असते. त्यांनी कारखाने काढले, एवढाच फरक. पुढं दोघांनीही एटीव्ही बनवल्या. पोलारिसनं १९८५ मध्ये आणि आर्क्टिक कॅटनं त्यानंतर दहाएक वर्षांनी.

रोज संध्याकाळी आमच्या व्हरांड्यात सभा भरे. निनादराव दुभाषे, मी अध्यक्ष. वादाचा मुख्य विषय पट्टा. होंडाच्या बहुतेक गाड्यांत तेलात बुडालेले गिअर असतात. पोलारिस, यामाहा, कावासाकी, कॅन-ॲम यांच्या कामाच्या गाड्यांत दोन पुल्या आणि त्यांवर रबरी पट्टा. वेग वाढला की एका पुलीचे गाल जवळ येतात, दुसरीचे फाकतात, पट्टा चढतो-उतरतो आणि गिअर बदलायची कटकटच राहत नाही.

आमच्या हिला हे समजावताना मी म्हटलं, "पिठाच्या गिरणीचा पट्टा आठव."

"म्हणजे पावसाळ्यात घसरणार," ही म्हणाली.

डावीकडच्या आजोबांपर्यंत हे भाषांतर होऊन पोचलं आणि त्यांनी उठून हिच्याशी हस्तांदोलन केलं. तीस वर्षं ते हेच सांगत होते. पाण्या-चिखलात खोल गेलं की पट्ट्याच्या डब्यात पाणी शिरतं आणि पट्टा घसरतो. उजवीकडच्यांचं उत्तर तयार होतं: डब्याला खाली बूच असतं, ते काढून पाणी सोडायचं. पट्टा तुटलाच तर घरच्या घरी बदलता येतो. गिअरचा दात गेला तर मात्र इंजिन फोडून बसा. शिवाय पोलारिसची मागची चाकं एकमेकांना न विचारता वर-खाली होतात, त्यामुळं पाठ शाबूत राहते. "यांच्या गाडीवरून तासभर फिरून आलात की आपल्याला मणके किती ते मोजता येतं." यावर आजोबा म्हणाले, "मोजता येतात, कारण मी दर वेळी घरी परत येतो."

मला हसू आलं, कारण ही सभा माझ्या ओळखीची होती. आमच्या आगारात 'लेलँड की टाटा' हा वाद मी भरती झालो त्याच्या आधीपासूनचा आणि माझ्या निरोपसमारंभातही तो भाषणांच्या मधे चालूच होता. लेलँडवर हात बसलेला चालक टाटाला नाक मुरडणार आणि टाटावाला लेलँडला. कार्यशाळेतल्या आम्हा लोकांना मात्र खालून दोन्ही सारख्याच दिसत, काळ्या आणि तेलकट. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षी दापोडीत बांधून आलेल्या दोन गाड्या मला आठवतात. एक वर्षानुवर्षं कुरकुरली नाही, दुसरी दर आठवड्याला पिटावर. फरक चालकांचा होता. पहिलीचा चालक सकाळी गाडी काढण्याआधी हवा, पाणी, तेल बघायचा. दुसरीचा चहा बघायचा.

निनादरावांनी शेवटी एक वापरलेली एटीव्ही आणली. कंपनीचं नाव सांगत नाही. दोन्ही शेजाऱ्यांच्या घरून आमच्याकडं ॲपल पाय येतो आणि तो चालू राहणं गरजेचं आहे.

गाडी उत्तम चालली. मग आम्ही सगळे महिनाभर मुलाकडं कॅलिफोर्नियाला गेलो. परतलो त्या रात्री पहिला बर्फ पडला. सकाळी निनादरावांनी बटण दाबलं. इंजिन सुरू झालं, दम्याच्या रोग्यासारखं खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा बटण, पुन्हा खोकला. दोन्ही शेजारी टोप्या घालून हजर झाले. एकानं निदान केलं की आपलं ऐकलं नाही म्हणून असं झालं. दुसऱ्याचं निदानही हेच.

मी सीट उचलली. त्याला पाना लागत नाही, एक खिट्टी ओढावी लागते. खाली हवेच्या फिल्टरचा डबा, झाकणाला क्लिपा. त्या काढल्या आणि झाकण बाजूला केलं. आत संसार थाटलेला होता. वाळकं गवत, सीटखालचा कुरतडलेला फोम, ओंजळभर ओकची फळं आणि या सगळ्यावर मऊ अंथरूण म्हणून पसरलेला निनादरावांचा राखाडी लोकरी मोजा. हा मोजा सप्टेंबरपासून बेपत्ता होता आणि लेकीनं त्याचा आळ धुलाई यंत्रावर घेतला होता. त्या यंत्राची कंपनीसुद्धा आमच्या घरात उगाचच बदनाम झाली होती. उंदरीणबाई आमची चाहूल लागताच निघून गेल्या असाव्यात. इंजिनाला श्वास घ्यायला जागा नव्हती, एवढाच काय तो बिघाड.

डबा पुसला, फिल्टर धुऊन, वाळवून, तेलाचा हात देऊन बसवला. दुसऱ्या दिवशी पहिल्या बटणाला इंजिन चालू. शेजारी क्षणभर गप्प राहिले. मग आजोबा म्हणाले की उंदरांवर डांबरगोळ्यांसारखा उपाय नाही. उजवीकडचे म्हणाले, डांबरगोळ्या कसल्या, पुदिन्याचं तेल. संध्याकाळच्या सभेला नवा विषय मिळाला.

आता सांगलीत मलाही लोक विचारतात, कारण अमेरिकेत जावयाला गाडी घेऊन दिली अशी बातमी परतण्याआधीच पसरली होती. होंडाची लाल घ्यावी, यामाहाची निळी की कावासाकीची हिरवी? पक्षांच्या झेंड्यांसारखे रंग आहेत आणि निष्ठाही तशाच. मी सांगतो, दुकानात गेलात की आधी सीट उचला. फिल्टरपर्यंत तुमचा स्वतःचा हात पोचतो का, तेलाची पट्टी चष्मा न लावता सापडते का, आणि बिघडली तर मिस्त्री किती मैलांवर, एवढं बघा. उंदीर कंपनीचं नाव वाचत नाही. जिचं झाकण तुम्हाला उघडता येतं आणि जिचं तुम्ही खरोखर उघडाल, ती गाडी घ्या. रंगाची काळजी नको. बर्फाखाली सगळ्या पांढऱ्याच असतात.