लोडकाका

सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत लोडकाकांचं खरं नाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर असतं. बेलापूरला सीबीडीत ते 'ॲनालिसिस करतात'. नेरुळ ते ऐरोली कुठल्याही सोसायटीत असा एक गृहस्थ असतोच. ओळखायचा कसा? लिफ्टमध्ये शिरताना तो आरशात बघत नाही, '८ व्यक्ती, ५४४ किलो' ही पाटी वाचतो. मग आत उभ्या असलेल्या प्रत्येकावर नजर फिरवतो. माणशी ६८ किलोच्या वर असलेल्यांना ती नजर बरोबर कळते.

काकांचा एकच सिद्धांत: प्रत्येक लोडचं घड्याळ वेगळं. वारा, भूकंप, यंत्राची थरथर, सगळ्यांचे जास्तीत जास्त आकडे घेऊन बेरीज ठोकणारा इंजिनिअर त्यांच्या लेखी आळशी. प्रत्येक लोडचा स्वतंत्र तक्ता हवा. एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात त्या वेळी लोड किती पट, आणि मग सगळे एकाच वेळी मॉडेलवर सोडायचे. ऑफिसातल्या एका पोराने दुसऱ्या टप्प्यात नवा लोड घालताना जुने पुसले, तेव्हा काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. "अहो, भूकंप आला आणि धरणात पाणीच नाही!"

धरण अर्थातच कोयनेचं. काका पाटणचे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा भूकंप ही त्यांच्या घरातली दुःखद आठवण आहे आणि अभिमानाचीही. धरणातल्या यंत्राने टिपलेली ती हालचाल आज जगभरचे लोक संगणकातल्या १०३ मीटर उंच धरणाला देतात. आडवा हादरा एका तक्त्यात, उभा दुसऱ्यात, शिवाय मागे पाण्याचा रेटा. वरच्या भागात जिथे उतार बदलतो तिथे तडा दिसला, की गणित जमलं. "कॅलिफोर्नियाच्या एल सेंट्रो भूकंपानंतर आपलंच नाव," काका सांगतात. काकू म्हणतात, "अहो, कौतुक कशाचं करताय?"

यंदा पोडियमवर गरबा घ्यायचा ठरला आणि सेक्रेटरींनी मीटिंगमध्ये चुकून विचारलं, "काका, स्लॅबला काही होणार नाही ना?"

"गरब्याचा ठेका सेकंदाला साधारण दोन. जनरेटर मिनिटाला १५०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला २५. आणि पाण्याचा टँकर उभा असला तर दहा हजार लिटर, म्हणजे नुसतं पाणीच दहा टन. तोही रिकामा होत जाणार. तिघांचा कळस एकाच क्षणी येईलच असं नाही."

"मग झालं तर!"

"येणार नाही, असं कुठे म्हटलं मी?"

स्लॅब अशा गर्दीसाठी चौरस मीटरला सुमारे ५०० किलो धरून केलाय का, एवढं नकाशावर बघून विषय मिटला असता, असं माझं मत. पण ते ऐकतो कोण! प्रॅक्टिसच्या वेळी काका खाली फरशीवर मोबाइल ठेवून उकिडवे बसले. महिला मंडळाला वाटलं, व्हिडिओ काढताहेत. "नाचा हो, पण कुठल्या गाण्याला सगळ्या एकदम उडी मारता तेवढं सांगा," म्हणाले. वर हिशेब ऐकवला: जनरेटरच्या एका थरथरीला दहा ठिपके तरी हवेत, म्हणजे सेकंदाला २५० पायऱ्या, एका मिनिटाच्या गरब्याला १५,०००. घरच्या लॅपटॉपवर रन लागला. बटणावर चिठ्ठी: 'बंद करू नये'. मिक्सर स्वयंपाकघरातून देवघरात गेला. नऊ रात्री खाली धुमाकूळ, वर काकांच्या पडद्यावर गरब्याचं एकविसावं सेकंद.

दसऱ्याला सोनं वाटायला आले ते आपट्याच्या पानांखाली रिपोर्ट घेऊनच. "सुरक्षित आहे. घ्या गरबा."

"काका," सेक्रेटरी म्हणाले, "नऊ रात्री नाचून झालं. पोडियम उभाच आहे की."

"तो तुमचा एकच लोड केस," काका म्हणाले. "मोरबे धरण भरलं होतं यंदा. टँकर आलाच कुठे?"