मालाडचा जर्मन मास्तर

बिबडे वाळत घातलेली खाट कुंपणाजवळ सरकवता सरकवता वैनींनी विषय काढला.

"आक्का, ऐकलं का? आमचं पोरगं पुण्याला जायचं म्हणतं. कॅमेरा शिकायला."

"जाऊ दे की मग."

"अहो, शिंदखेड्यापासून दोंडाईचापर्यंत लग्नाच्या शूटिंगला त्यालाच बोलावतात. हाती पैसा येतो. मंग आता शिकायचं काय राहिलं? आणि कॅमेऱ्यामागच्या माणसाला वळखतं कोण? मधुबाला म्हटलं की चेहरा उभा राहतो. तिला पडद्यावर आणणाऱ्याचं नाव तुम्ही तरी सांगाल का?"

"सांगते ना. 'महल'मधली मधुबाला योझेफ वीर्शिंगनं टिपली. म्युनिकचा जर्मन. जन्म १९०३चा."

"माय व! जर्मन माणूस आपल्या पिच्चरमध्ये?"

"पहिल्यांदा आला तो १९२५ साली, बुद्धाच्या चरित्रावरच्या 'लाइट ऑफ एशिया'साठी. मग १९३४ला हिमांशु राय आणि देविका राणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज काढली, तेव्हा फ्रान्झ ओस्टेन हा दिग्दर्शक आला आणि कॅमेऱ्याला हा वीर्शिंग."

"देविका राणी म्हणजे त्या पळून गेल्या होत्या, त्याच ना?"

"बरं आठवलं गं तुला! हो, नायक नजमुल हसनबरोबर गेल्या आणि समजूत घातल्यावर परतल्या. पण नायकाची नोकरी गेली. मग राय यांनी लॅबोरेटरीतल्या एका पोराला धरून पुढं उभं केलं. आपल्या भुसावळहून पुढं खंडवा लागतं ना, तिथल्या वकिलाचा मुलगा. अशोककुमार."

"म्हणजे आपल्या बाजूचाच की!"

"सांगतात की, तुझा जबडा मोठा, तू नट व्हायचा नाहीस, असं ओस्टेननं त्याला तोंडावर सुनावलं होतं. पण १९३६ला 'अछूत कन्या' आला. रेल्वे फाटकावरच्या चौकीदाराची पोरगी आणि बामणाचा पोरगा. त्यात याच जबड्यावर वीर्शिंगनं असा उजेड पाडला, की लोक त्याला बघायला गर्दी करू लागले."

"उजेड पाडायला काय लागतं? बटण दाबायचं."

"तुझ्या पोराच्या हॅलोजनचं तेच होतं बघ! समोरून भक्कन लावला की नवरीचा चेहरा थापलेल्या भाकरीसारखा सपाट. मागून एक दिवा लाव, केसांची कड उजळते, माणूस भिंतीपासून सुटा दिसतो. बाजूनं लाव, नाक-गाल उठून येतात. आणि थोडा अंधार ठेवावाच लागतो. 'महल'मध्ये निम्मी भीती त्या अंधारात आहे."

"मंग त्या जर्मनांचं पुढं काय झालं?"

"१९३९च्या सप्टेंबरात युद्ध पेटलं. तेव्हा 'कंगन'चं शूटिंग चालू होतं. जर्मन म्हणजे ब्रिटिश सरकारचे शत्रू; दोघांनाही धरलं. ओस्टेन म्हातारा म्हणून पुढं सुटला, मायदेशी गेला. वीर्शिंग मात्र युद्ध संपेपर्यंत छावणीत."

"बाप्पा! कंपनी बसलीच असेल मग."

"तिथंच तर गंमत आहे. मालाडचा तो नुसता स्टुडिओ नव्हता, शाळाच होती. जर्मन हातांखाली आपली पोरं तयार झाली होती. त्यातलाच आर. डी. परींजा. १९४३ला 'किस्मत' आला, त्याचा कॅमेरा परींजाचा. मास्तर कैदेत आणि शिष्याचा पिच्चर कलकत्त्यात एकाच थिएटरला तीन वर्षांवर चालला! आता मला सांग, नाव कोणाला ठाऊक नसलं म्हणून काय अडलं?"

वैनींनी एक बिबडा उलटवला. "सुटल्यावर गेला असेल आपल्या गावी."

"नाही गेला. इथंच राहिला. १९४९ला 'महल', १९६०ला 'दिल अपना और प्रीत पराई'. मग कमाल अमरोहींचा 'पाकीज़ा'. तो रखडला, वर्षानुवर्षं रखडला. वीर्शिंग १९६७ला मुंबईतच वारला. राहिलेलं काम दुसऱ्या कॅमेरामननी पुरं केलं. पिच्चर लागला १९७२ला, आणि दोन महिन्यांत मीनाकुमारीही गेली."

"अरेरे. केलेलं काम पडद्यावर बघायलाच मिळालं नाही त्याला."

"आपल्याला मिळालं ना. शिवाय लायका कॅमेऱ्यानं तो सेटवर फोटो काढत राहायचा. नटनट्या मेकअप करताना, कामगार दिवे उचलताना, सगळे. घरच्यांनी ते जपले, आणि २०१७ला गोव्यात त्यांचं प्रदर्शन भरलं."

"म्हणजे पाठवायचं म्हणता पोराला?"

"पाठव. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६०पासून सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था आहे. पण कॅमेऱ्याच्या कोर्सला पदवी लागते हो. त्याचं टी. वाय. झालं का?"

"दोन विषय राहिलेत."

"मग ते आधी काढायला लाव. जर्मन मास्तराची गोष्ट मी नंतर सांगते त्याला."

"नंतर कशाला? आजच सांगा, आक्का. तेवढे दोन विषयही तुम्हीच काढायला सांगा. माझं ऐकत नही तो."