पोक्तांचे पेडगाव

परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील पेडगाव स्थानकात गाडीची प्रतीक्षा करणाऱ्या पोक्त मंडळींकडून जीवनविषयक तत्त्वज्ञान विनामूल्य, किंबहुना विनंतीवाचूनही, प्राप्त होते. मात्र त्यांपैकी एखादा पोरांच्या घोळक्यात गोटी टिचवण्यास उकिडवा बसला, की त्याच्या अकलेचा पंचनामा तत्काळ सुरू होतो. वेड पांघरून ज्या पेडगावास जातात ते वस्तुतः श्रीगोंदे तालुक्यातील, भीमाकाठचे. नामसादृश्यापायी आमच्या मराठवाड्यातील या निरुपद्रवी गावास त्याची बदनामी फुकट मिळाली आहे. तथापि हेच पोक्त गृहस्थ वसुलीचा कारकून दारात उभा राहताच चष्मा पुसत, ‘कोणतं कर्ज, साहेब?’ असे ज्या बालसुलभ निरागसतेने विचारतात, ती पाहता खेळकरपणा त्यांनी सोडलेला नसून केवळ दप्तरी दाखविलेला नाही, असाच अभिप्राय नोंदवावा लागतो.